आवाज काढून घेतलेली दृश्ये: ‘हँड्सवर्थ साँग्ज’ या चित्रपटाचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील हँड्सवर्थ आणि लोझेल्स या लगतच्या वस्त्यांत ९ सप्टेंबर १९८५ रोजी, सोमवारी संध्याकाळी, दंगल उसळली. वाहतुकीच्या एका किरकोळ कारवाईवरून पोलिसांशी झालेली बाचाबाची हे तिचे तात्कालिक निमित्त होते. लोझेल्स रस्त्यावरची दुकाने जळाली आणि तिथल्या टपाल कार्यालयाला लागलेल्या आगीत, ते चालवणारे दोन आशियाई भाऊ मृत्युमुखी पडले. त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनच्या ब्रिक्स्टन भागात पोलिसांनी घरात शिरून एका कृष्णवर्णीय स्त्रीवर गोळी झाडली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात टॉटनहॅममध्ये घराची झडती चालू असताना आणखी एका कृष्णवर्णीय स्त्रीचा हृदयक्रिया बंद पडून मृत्यू झाला. या दोन्ही ठिकाणी दंगली झाल्या आणि टॉटनहॅमच्या ब्रॉडवॉटर फार्म वसाहतीत एक पोलीस मारला गेला.

डग्लस हर्ड यांना गृहमंत्री होऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. दंगलीच्या दुसऱ्या दिवशी ते हँड्सवर्थमध्ये आले, तेव्हा त्यांच्यावर दगड फेकले गेले. पुढे पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना त्यांनी सांगितले की, त्या सोमवारी रात्री हँड्सवर्थच्या कायदा पाळणाऱ्या माणसांनी जो आवाज ऐकला आणि ज्याचे प्रतिध्वनी मंगळवारी आपल्या कानावर आले, तो मदतीचा आक्रोश नव्हता, तो लुटीचा आक्रोश होता. हे विधान या अभ्यासाच्या सुरुवातीलाच नोंदवण्याचे कारण असे की, गृहमंत्र्यांनी त्यात आपण ‘ऐकले’ असा दावा केला आहे. वस्तीतून आलेला आवाज त्यांनी ऐकला, त्याला अर्थ दिला आणि तो अर्थ देशाला कळवला. पुढच्या वर्षी तयार झालेल्या ‘हँड्सवर्थ साँग्ज’ या सुमारे तासाभराच्या चित्रपटाने नेमका हाच दावा तपासायला घेतला. मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो तो यासाठी, आणि त्याच्यावर आजवर झालेली बहुतेक चर्चा प्रतिमा आणि शब्द यांच्याभोवतीच फिरत राहिल्याने त्याचे खरे सामर्थ्य काहीसे झाकले गेले आहे, असे माझे मत आहे.

ज्या ‘ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह’ने हा चित्रपट केला, त्या गटाच्या नावातच ध्वनी चित्राच्या आधी येतो. १९८२ मध्ये पोर्ट्समथ पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या काही तरुणांनी हा गट स्थापन केला आणि थोड्याच काळात तो पूर्व लंडनमधील हॅकनी येथे आला. जॉन अकोम्फ्रा, लीना गोपाल, एव्हरिल जॉन्सन, रीस ऑगिस्त, ट्रेव्हर मॅथिसन, एडवर्ड जॉर्ज हे त्याचे सदस्य; क्लेअर जोसेफ सुरुवातीला होत्या, नंतर डेव्हिड लॉसन आले. या चित्रपटाचे दिग्दर्शक अकोम्फ्रा यांचा जन्म १९५७ मध्ये घानातील अक्रा येथे झाला. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या राजवटीशी जोडलेल्या त्यांच्या कुटुंबाला १९६६ च्या लष्करी उठावानंतर घाना सोडावे लागले होते. वसाहतवादाचा शेवट आणि त्यानंतरचा अपेक्षाभंग, दोन्ही त्यांना घरातूनच ठाऊक होते. गटाची पहिली कामे चित्रपट नव्हतीच. पारदर्शिका आणि ध्वनिफीत यांची जुळणी करून केलेली ती सादरीकरणे होती, आणि साम्राज्याचे पुतळे, चित्रे व छायाचित्रे हा त्यांचा कच्चा माल होता. एका स्थिर प्रतिमेवर वेगवेगळे आवाज ठेवले की तीच प्रतिमा वेगवेगळी साक्ष देऊ लागते, हा धडा त्यांनी तिथे गिरवला.

या कामामागे पैशाची एक विशिष्ट व्यवस्था होती आणि ती समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. १९८२ मध्ये चित्रपट तंत्रज्ञांची संघटना, नव्याने सुरू होणारी चॅनेल फोर ही दूरचित्रवाणी वाहिनी, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि प्रादेशिक कला मंडळे यांच्यात एक करार झाला. किमान चार पूर्णवेळ, पगारी सदस्य असलेल्या कार्यशाळांना एकेका चित्रपटासाठी अनुदान न देता, सलग चालणाऱ्या कामासाठी ते देण्याची सोय त्यात होती. ग्रेटर लंडन कौन्सिलनेही अल्पसंख्याकांच्या कलाकार्याला हात दिला. ही नगरसंस्था मार्च १९८६ अखेर बरखास्त करण्यात आली. प्रयोगशील चित्रपट हे एकट्या कलावंताच्या धाडसाचे फळ असते अशी समजूत आपल्याकडेही रूढ आहे. इथे मात्र पगार, सामायिक यंत्रसामग्री आणि अपयश पचवण्याची मुभा एका सार्वजनिक धोरणाने दिली होती, आणि दंगलीनंतर काही महिन्यांतच बर्मिंगहॅमला जाऊन, घाईने निष्कर्ष न काढता चित्रीकरण करणे या गटाला शक्य झाले ते त्यामुळे.

चित्रपटाची सुरुवात दंगलीपासून होत नाही. एका संग्रहालयात गणवेशातला कृष्णवर्णीय पहारेकरी अवजड यंत्राची हालचाल न्याहाळत उभा आहे, हे संग्रहातून घेतलेले दृश्य आपण प्रथम पाहतो. हे दृश्य कुठल्या गावचे आहे याला महत्त्व आहे. वाफेच्या यंत्रांचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांचा सोहो कारखाना हँड्सवर्थच्या हद्दीत होता. बोल्टन, जेम्स वॉट आणि विल्यम मर्डॉक हे तिघेही हँड्सवर्थच्याच सेंट मेरी चर्चमध्ये पुरले आहेत. वाफेची यंत्रे इथून जगभर गेली आणि १९ व्या शतकाच्या सुरुवातीला त्यांपैकी काही कॅरिबियन बेटांवरच्या ऊसमळ्यांत, गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या चरकांना जोडली गेली. त्याआधीच्या शतकात बर्मिंगहॅमच्या बंदुका पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या व्यापारात मोबदला म्हणून दिल्या जात होत्या. म्हणजे १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन माणसे इंग्लंडला आली, तेव्हा दोन अनोळखी प्रदेशांची पहिली गाठ पडली असे मुळीच नव्हते. यंत्रे, बंदुका आणि साखर यांच्या रूपाने हा संबंध दीडशे-दोनशे वर्षे जुना होता. चित्रपट यातले काहीही समजावून सांगत नाही. तो पहारेकऱ्याला आणि यंत्राला एका चौकटीत राहू देतो आणि पुढे सरकतो. ज्या प्रेक्षकाला हा इतिहास ठाऊक नाही, त्याला ते दृश्य केवळ गूढ वाटण्याचा धोका आहे. तो धोका दिग्दर्शकाने जाणूनबुजून पत्करला आहे आणि मला तो योग्य वाटतो, कारण यंत्राकडे पाहणाऱ्या त्या माणसाचे कुतूहल कोणत्याही स्पष्टीकरणाखाली दबून गेले असते.

पुढे बातमीपटांतली दृश्ये येतात. जहाजातून उतरणारी, लंडनवरचे कॅलिप्सो (कॅरिबियन गीत) गाणारी, १९५० च्या सुमाराची मंडळी. कामावर जाणारे मजूर. ढाली घेऊन धावणारे पोलीस. त्यांच्या तावडीतून सुटू पाहणारा, जटा राखलेला, रास्ताफारी या जमैकातल्या पंथाचा एक तरुण. हँड्सवर्थच्या रस्त्यावर पत्रकारांच्या गराड्यात सापडलेले गृहमंत्री दिसतात. परदेशी संस्कृतीच्या लोकांनी आपला देश बुडून जाईल की काय अशी भीती लोकांना वाटते, हे मार्गारेट थॅचर यांचे १९७८ च्या दूरचित्रवाणी मुलाखतीतले विधान ऐकू येते. ही सामग्री ब्रिटिश प्रेक्षकाला नवी नव्हती. यातले बरेचसे त्याने घरी बसून पाहिलेले होते. आपल्याकडे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनचे बातमीपट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात आणि त्यांतला निवेदकाचा भारदस्त, शंका न घेणारा आवाजच प्रेक्षकाला दृश्याचा अर्थ पुरवत असे, हे ज्यांना आठवते त्यांना पुढचा मुद्दा सहज कळेल. गटाने त्या दृश्यांखालचा तो आवाज काढून टाकला.

या कामाचा मूळ नमुना चित्रपटकलेत शोधण्यापेक्षा जमैकाच्या डब संगीतात शोधावा, असे मला वाटते, आणि या चित्रपटाच्या काही जाणत्या अभ्यासकांनीही तिकडे बोट दाखवले आहे. किंग टबी यांच्यासारखे ध्वनितंत्रज्ञ किंग्स्टनमध्ये तयार गाण्याची फीत घेत, तिच्यातला गायकाचा आवाज जवळजवळ पूर्ण बाजूला करत, ढोल आणि बास यांचा सांगाडा उरवत आणि मग एखादा शब्द वा एखादा ठोका प्रतिध्वनीत लांबवून परत आणत. मूळ गाणे त्यात असतेही आणि नसतेही. ऐकणाऱ्याला त्याची आठवण होत राहते. हँड्सवर्थ ही याच संगीताची वस्ती होती. स्टील पल्स हा रेगे वाद्यवृंद इथलाच, आणि रस्त्यारस्त्यांतली साउंड सिस्टीम ही इथल्या तरुणांची स्वतःची प्रसारणव्यवस्था होती. ट्रेव्हर मॅथिसन यांच्या ध्वनिरचनेने बातमीपटांवर हीच प्रक्रिया केली आहे. निवेदकाचा आवाज गेला, दृश्याचा सांगाडा राहिला, आणि त्याखाली यंत्रांची घरघर, धातूवर धातू आपटल्यासारखे आघात, दूरवर विरत जाणारे प्रतिध्वनी आले. पळणारा तरुण आणि मागचे पोलीस हे दृश्य बातमीत ‘कायदा मोडणारा आणि कायदा राखणारे’ असे सरळ वाचले जात होते. आता ते तितके सरळ राहत नाही, कारण कान त्याला दुजोरा देत नाहीत.

ब्रिटिश गायक मार्क स्ट्युअर्ट यांनी केलेल्या ‘जेरुसलेम’च्या डब आवृत्तीचा वापर हा या पद्धतीचा कळस आहे. विल्यम ब्लेक यांच्या ओळींना ह्युबर्ट पॅरी यांनी १९१६ मध्ये चाल दिली आणि ते गीत इंग्लंडच्या सभा-समारंभांत जवळजवळ राष्ट्रगीताच्या मानाने गायले जाऊ लागले. इंग्लंडच्या हिरव्यागार भूमीवर नवे जेरुसलेम उभारण्याचा त्यातला संकल्प, आणि त्याच गीतातला ‘काळ्या, सैतानी गिरण्यां’चा उल्लेख, दोन्ही स्ट्युअर्ट यांच्या आवृत्तीत मोडतोड होऊन, खोल बासवर आदळत येतात. सोहो कारखान्याच्या गावात, ज्यांच्या पूर्वजांच्या श्रमांवर त्या भूमीची भरभराट झाली त्यांच्या वस्तीवर हे गीत असे वाजते, तेव्हा साम्राज्याच्या स्मृतीविषयी वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही. गृहमंत्र्यांनी मंगळवारी आपल्या कानावर आल्याचे सांगितलेले प्रतिध्वनी हे खरोखर किती मागून येत होते, ते इथे ऐकू येते.

निवेदन चित्रपटात आहे, पण ते एकट्या अधिकारवाणीचे नाही. परवेझ खान, मीरा स्याल आणि इव्हॉन वीक्स अशा तीन जणांच्या आवाजांत ते वाटलेले आहे. त्यांत दक्षिण आशियाई वारसा आणि कॅरिबियन वारसा एकत्र येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या ब्रिटनमध्ये वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन कार्यकर्त्यांनी स्वतःला एकाच ‘ब्लॅक’ या राजकीय नावाखाली उभे केले होते, आणि निवेदनाची ही वाटणी त्या भूमिकेतूनच आलेली आहे. निवेदनातला एक प्रसंग या चित्रपटाबरोबर कायमचा जोडला गेला आहे. दंगलीनंतर ‘स्टोरी’ शोधत फिरणारा एक पत्रकार एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या मागे लागतो आणि ती त्याला सांगते की, दंगलींमध्ये गोष्टी नसतात, असतात ती फक्त दुसऱ्या गोष्टींची भुते. तिच्या उत्तरात ब्रिटिश राजकारणी इनॉक पॉवेल आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांची आठवण येते, आणि दोघेही याच परिसराच्या इतिहासातले आहेत. पॉवेल यांनी स्थलांतराविरुद्धचे आपले कुप्रसिद्ध भाषण २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्येच केले. माल्कम एक्स १२ फेब्रुवारी १९६५ रोजी शेजारच्या स्मेदिकमध्ये आले होते, कारण तिथल्या मार्शल स्ट्रीटवरची घरे कृष्णवर्णीयांना मिळू नयेत यासाठी खटपट चालू होती. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली.

आणि मग छायाचित्रे येतात. काळोख्या जागेत टांगलेली लग्नाची, मुलांची, नटूनथटून काढलेली कुटुंबांची चित्रे, आणि त्यांच्यामधून सावकाश फिरणारा कॅमेरा. बातमीपटांत ही माणसे समूह म्हणून दिसत होती. इथे ती स्वतः निवडलेल्या कपड्यांत, स्वतः ठरवलेल्या ढंगात कॅमेऱ्याकडे पाहतात. कोण आहेत, कुठली आहेत, हे चित्रपट सांगत नाही.

या न सांगण्यावरूनच वाद पेटला. १२ जानेवारी १९८७ रोजी ‘द गार्डियन’मध्ये सलमान रश्दी यांनी चित्रपटावर कठोर टीका केली. मुंबईत जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले रश्दी या वस्तीला अपरिचित नव्हते. हँड्सवर्थच्या छायाचित्रांच्या एका पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली होती. त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्या गोष्टींची भुते आहेत असे चित्रपट सांगतो, पण त्या गोष्टी सांगत मात्र नाही. दूरचित्रवाणीवर आधीच पाहिलेलेच पुन्हा दाखवतो, कृष्णवर्णीय म्हणजे उपद्रव किंवा कृष्णवर्णीय म्हणजे बळी. ज्यांना आवाज नाही त्यांना तो द्यायचा असेल तर आधी भाषा शोधावी लागते, आणि भाषा चुकली तर माणूस मुका आणि आंधळा होतो, असे त्यांनी बजावले. काही दिवसांतच जमैकात जन्मलेले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांचे उत्तर छापून आले. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हॉल सहलेखक असलेल्या ग्रंथाची सुरुवातच हँड्सवर्थमधल्या एका लुटीच्या खटल्यापासून होते, तेव्हा या वस्तीविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार कमी नव्हता. दंगलीवरच्या माहितीपटांच्या थकलेल्या शैलीशी हा चित्रपट नाते तोडतो आणि नव्या भाषेसाठीची त्याची धडपड प्रत्येक चौकटीत दिसते, ती रश्दींना कशी दिसली नाही, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आवाजांच्या गुंफणीचाही उल्लेख केला, पण ओझरता. नंतर ‘रेस टुडे’ या नियतकालिकाचे दीर्घकाळ संपादक राहिलेले डार्कस हाउ यांनी रश्दींची बाजू घेतली. कृष्णवर्णीय कलावंतांच्या कामाला केवळ पाठिंबा न देता कठोर निकष लावले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता.

या वादाला अनेकदा जुने विरुद्ध नवे, लेखक विरुद्ध चित्रपटकार असे रूप दिले जाते. मला ते पटत नाही. रश्दींची मागणी अगदी रास्त होती. वस्तीतल्या माणसाचे नाव, त्याचा धंदा, त्याचा विनोद, त्याच्या मुलांची शाळा यांची नोंद व्हायला हवी होती, आणि टांगलेल्या छायाचित्रांतली माणसे निनावी राहिली ही या चित्रपटाने मोजलेली खरी किंमत आहे. उदात्त, काव्यमय निवेदन त्या माणसांच्या वतीने बोलते आणि काही जागी त्यांच्यापेक्षा स्वतःवरच अधिक खूश असते, हेही मान्य केले पाहिजे. पण रश्दींनी भाषा शोधली ती शब्दांत. चित्रपटाने ती कानात शोधली होती. ज्या समाजाविषयी बोलण्याचा सगळा अधिकार निवेदकाकडे आणि गृहमंत्र्यांकडे आहे, त्या समाजाच्या आणखी चार गोष्टी त्याच निवेदनव्यवस्थेत भरल्या असत्या, तर त्या पुन्हा ‘उपद्रव’ आणि ‘बळी’ यांच्याच खणांत जाऊन पडल्या असत्या. आधी ऐकण्याची सवय मोडणे आवश्यक होते. हे काम चित्रपटाने केले आणि त्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्याला माहितीपटासाठीचा ग्रिअर्सन पुरस्कार मिळाला, याचे मला आश्चर्य वाटत नाही. हॉल यांनी १९८८ च्या लंडनमधल्या एका परिषदेत हा वाद पुढे नेला. कृष्णवर्णीय कलाकृती ती कृष्णवर्णीय आहे एवढ्यानेच चांगली ठरण्याचे दिवस संपले, असे त्यांनी मांडले. म्हणजे एका अर्थाने त्यांनी हाउ यांचा मुद्दा स्वीकारून तो अधिक खोल नेला.

मात्र एका परीक्षेत हा चित्रपट अपुरा पडतो आणि ती परीक्षा लोझेल्सच्याच रस्त्यांवर झाली. ऑक्टोबर २००५ मध्ये, खात्री न झालेल्या एका अफवेवरून, याच भागात आफ्रिकी-कॅरिबियन आणि आशियाई तरुण एकमेकांवर चालून गेले आणि त्यात बळी गेले. तीन निवेदकांच्या एकत्र आवाजाने गृहीत धरलेली एकजूट वीस वर्षांत इतकी उसवली होती. १९८५ च्या टपाल कार्यालयाच्या आगीतच या दुराव्याची एक खूण होती. कारण तेव्हाच्या वृत्तपत्रांनी त्या मृत्यूंचा उपयोग दोन समाजांना एकमेकांसमोर उभे करण्यासाठी केला होता, आणि त्या वापराला विरोध करताना खऱ्या तणावाविषयी बोलणे या समाजांच्या हितचिंतकांनाही अवघड झाले होते. वसाहतवादाने पूर्व आफ्रिका, पंजाब, जमैका इथल्या माणसांना एका रस्त्यावर आणले, पण त्या रस्त्यावर दुकान कोणाचे आणि बेकारी कोणाची, हा प्रश्न साम्राज्याच्या सामायिक स्मृतीने सुटत नाही. चित्रपटाच्या ध्वनिपटात कॅरिबियन प्रतिध्वनी जितका खोल आहे, तितका पंजाबी किंवा गुजराती आवाज खोल नाही, हे आज पुन्हा ऐकताना मला प्रकर्षाने जाणवते.

गट १९९८ मध्ये विसर्जित झाला. त्यानंतर चित्रपटाचा मुक्काम हळूहळू कलादालनांकडे सरकला. प्रदर्शन-संयोजक ओक्वी एन्वेझोर यांनी २००२ च्या जर्मनीतील कासेल येथील डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात तो दाखवला. ओटोलिथ ग्रूप या कलावंतांच्या गटाने २००७ मध्ये ब्लॅक ऑडिओच्या सगळ्या कामाचे सिंहावलोकन लिव्हरपूलपासून सुरू केले. ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडच्या शहरांत पुन्हा दंगली झाल्या, तेव्हा लंडनच्या टेट मॉडर्न कलादालनाने त्याच महिन्यात या चित्रपटाचा खेळ आणि चर्चा ठेवली. अकोम्फ्रा यांनी २०२४ च्या व्हेनिस बिएनालेत ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले. हा गौरव योग्यच आहे. पण हा चित्रपट दूरचित्रवाणीच्या पैशांतून, दूरचित्रवाणीच्याच दृश्यांपासून, दूरचित्रवाणी संच घरात असलेल्या सर्वसाधारण प्रेक्षकासाठी घडवला गेला होता. बातमी पाहणाऱ्याचे कान बदलायचे, तर त्याला बातमी जिथे मिळते तिथेच गाठावे लागते. सलग काम करण्याची मुभा देणारी ती कार्यशाळांची व्यवस्था ब्रिटनमध्ये आता उरलेली नाही, आणि तिच्या जागी कलादालनांचा आश्रय आला म्हणून तशा चित्रपटाला पुन्हा तोच प्रेक्षक मिळेल असे मानण्यास मला आधार दिसत नाही.